फासा बदलताना

१९७९ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचा प्राथमिक संच विकत घेणाऱ्या अनेकांना खोक्यात फासे मिळालेच नाहीत. खेळाची मागणी इतकी वाढली होती की प्रकाशक टीएसआर कंपनीला फाशांचा पुरवठा पुरेना. मग कंपनीने फाशांऐवजी आकडे छापलेल्या चिठ्ठ्यांचा ताव खोक्यात घातला. चिठ्ठ्या कापायच्या, १ ते ४ एका वाटीत, १ ते ६ दुसरीत, १ ते २० आणखी एकीत अशा वेगळ्या ठेवायच्या आणि खेळताना न बघता एक उचलायची.

फाशाच्या जागी चिठ्ठी आली, तरी खेळ तोच राहिला का? राहिला असेल, तर कोणत्या अटीवर? वीस बाजूंचा फासा हाताशी नाही, घरात फक्त लुडोचा फासा आहे, अशा वेळी काय करायचे? हे प्रश्न खेळणाऱ्यांच्या सोयीचे वाटतात, पण त्यांची उत्तरे शोधताना संभाव्यताशास्त्राचा गाभा हाती लागतो. म्हणून हे प्रकरण फाशांच्या अदलाबदलीला दिले आहे.

फासा काय सांगतो

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे जनक. टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळांची परंपरा इथून सुरू झाली. सारीपाटासारखा पट किंवा ठरलेली घरे यांची इथे गरज नसते. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. डंजन मास्टर हा सूत्रधार प्रसंग उभा करतो: समोर कुलूपबंद दार आहे, मागून पावलांचा आवाज येतो आहे, तुम्ही काय करता? खेळाडू सांगतो, ‘मी कुलूप उघडतो.’ ते उघडले की नाही हे फासा ठरवतो.

या खेळात सहा बाजूंच्या फाशासोबत चार, आठ, बारा आणि वीस बाजूंचेही फासे लागतात. खेळाडू त्यांना डी४, डी६, डी८, डी१२, डी२० म्हणतात. हे पाच आकार मूळचे ग्रीक भूमितीचे आहेत. सगळ्या बाजू एकसारख्या, प्रत्येक बाजू समभुज-समकोनी आणि प्रत्येक कोपऱ्याशी सारख्याच बाजू मिळतात, अशा बहिर्गोल घनाकृती पाचच असू शकतात. युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या तेराव्या खंडात त्याची सिद्धता आहे. त्यांतली कोणतीही बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा वेगळी ओळखता येत नाही, म्हणून प्रत्येक बाजू वर येण्याची संधी सारखी असते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात प्राचीन इजिप्तमधला वीस बाजूंचा एक फासा आहे आणि त्याच्या बाजूंवर ग्रीक अक्षरे कोरलेली आहेत.

खेळाचा नियम म्हणतो, ‘डी२० टाका, १५ किंवा जास्त पडले तर कुलूप उघडेल.’ वीसपैकी सहा दाने सोयीची, म्हणजे कुलूप उघडण्याची संधी ३० टक्के. खेळ रचणाऱ्याने मनाशी धरलेली गोष्ट ही तीस टक्क्यांची. फासा हे ते टक्के मोजून देणारे साधन आहे. साधन बदलले तरी चालते. टक्के बदलले की नियम बदलतो, आणि पुष्कळदा तो कुणाच्या लक्षात न येता बदलतो. या प्रकरणाचे सार एवढेच आहे.

पठार आणि डोंगर

एक डी२० टाकला तर १ पासून २० पर्यंत प्रत्येक दानाला ५ टक्के संधी असते. आलेख काढला तर सपाट पठार दिसेल. आता तीन डी६ एकदम टाका आणि बेरीज करा. बेरीज ३ ते १८ यांपैकी काहीही येईल, पण सारख्या प्रमाणात नाही. तीन फाशांची एकूण २१६ वेगवेगळी दाने पडू शकतात. १८ येण्यासाठी तिन्हींवर सहाच हवेत, म्हणजे २१६ मध्ये एकदा, ०.४६ टक्के. १० मात्र २७ प्रकारांनी येतो, म्हणजे १२.५ टक्के. आलेख मध्ये उंच होतो आणि दोन्ही कडांना उतरतो. पठाराचा डोंगर होतो.

हा डोंगर नीट मोजणे शहाण्यासुरत्या माणसांनाही अवघड गेले होते. सतराव्या शतकात इटलीतल्या जुगाऱ्यांना एक कोडे पडले. तीन फाशांवर ९ ही बेरीज सहा जुळण्यांनी येते आणि १० सुद्धा सहाच जुळण्यांनी येते. मग १० जरा जास्त वेळा का पडतो? गॅलिलिओने त्याचे उत्तर लिहून ठेवले. जुळण्या मोजू नका, दाने मोजा, असा त्याचा मुद्दा होता. ३-३-३ ही जुळणी एकाच प्रकारे पडते. १-२-६ मात्र सहा प्रकारे पडते, कारण कोणता आकडा कोणत्या फाशावर आला यावरून ती वेगवेगळी दाने होतात. असे मोजले की ९ साठी २५ आणि १० साठी २७ दाने निघतात. फरक २१६ मध्ये अवघा दोनाचा, पण तो होता आणि सतत खेळणाऱ्यांना तो जाणवला होता.

आता डी२० आणि तीन डी६ शेजारी ठेवू. दोन्हींची सरासरी १०.५ आहे. सरासरी पाहून ‘दोन्ही सारखेच’ म्हणणाऱ्याची फसगत होते. १६ किंवा त्याहून जास्त पडण्याची संधी डी२० वर २५ टक्के, तीन डी६ वर केवळ ४.६ टक्के. डी२० सरासरीपासून दूर भटकतो; तीन डी६ सरासरीला धरून राहतात. म्हणून अदलाबदल करताना किमान, कमाल आणि सरासरी जुळली एवढ्यावर समाधान मानायचे नसते. प्रत्येक दानाच्या वाट्याला किती संधी आली, ती सगळी वाटणी जुळावी लागते.

बेरजेचा सापळा

सर्वात जास्त होणारी चूक बेरजेची आहे. डी२० हरवला, पण डी१२ आणि डी८ आहेत. बारा आणि आठ वीस, म्हणून दोन्ही टाकून बेरीज घ्यावी, असे पटकन सुचते. परिणाम पाहा. १ कधीच पडणार नाही, कारण किमान बेरीज २ आहे. एकूण ९६ दानांपैकी २० साठी एकच दान, म्हणजे साधारण १ टक्का. खऱ्या डी२० वर ते ५ टक्के असते. आणि ९ ते १३ या प्रत्येक आकड्याला ८.३ टक्के मिळतात. या खेळाच्या अनेक आवृत्त्यांत २० पडणे म्हणजे विशेष यश. खेळाडू ज्या क्षणाची वाट पाहतात, तो या बेरजेने पाचपट दुर्मीळ करून टाकला.

दुसरी चूक उरलेल्या आकड्यांची. लुडोच्या फाशावरून १ ते ५ हवे आहेत, मग ६ पडला तर तो १ धरू, असे कुणी ठरवले तर १ चा वाटा २० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर जातो आणि बाकीच्यांचा १७ टक्क्यांपर्यंत घसरतो. संगणकाच्या आज्ञावलीतही ही चूक सापडते. समजा यंत्राने ० ते २५५ पैकी एक यादृच्छिक संख्या दिली आणि तिला २० ने भागून बाकी घेतली. २५६ ला २० ने नि:शेष भाग जात नाही. १६ संख्या उरतात. त्यामुळे सोळा आकड्यांना प्रत्येकी १३ संख्या मिळतात आणि चार आकड्यांना प्रत्येकी १२. म्हणजे काहींना ५.०८ टक्के, काहींना ४.६९. आज्ञावली लिहिणारे तिला ‘मोड्युलो बायस’ म्हणतात. फरक छोटा आहे, पण तो फासा सरळ नाही.

सरळ अदलाबदलीच्या तीन युक्त्या

पहिली युक्ती म्हणजे गटफासा, आणि ती या खेळाच्या जन्मापासून आहे. सुरुवातीच्या वीसबाजू फाशांवर १ ते २० नव्हे, तर ० ते ९ हे आकडे दोनदा कोरलेले असत. दहाबाजू फासा १९८० च्या सुमारास बाजारात रुळला. तोपर्यंत त्याचे कामही हाच फासा करी. मग वीसपर्यंत मोजायचे कसे? सोबत एक डी६ टाकायचा. त्यावर १, २, ३ आले तर आकडा आहे तसा घ्यायचा. ४, ५, ६ आले तर त्यात दहा मिळवायचे. शून्य पडले तर ते दहा धरायचे. इथे डी६ चा आकडा बेरजेत येत नाही. कोणता गट, खालचा की वरचा, एवढेच तो ठरवतो. दोन गट समान संधीचे आणि प्रत्येक गटात दहा आकडे समान संधीचे, म्हणून वीसही आकडे समान संधीचे झाले.

बेरीज आणि गट यांतला हा फरक मनावर बिंबायला हवा. शंभरपर्यंतचे दान काढतानाही हीच रीत असते: दोन दहाबाजू फाशांपैकी एक दशकाचा, दुसरा एककाचा. आपण आकडे शेजारी लिहितो, एकमेकांत मिळवत नाही, म्हणून १ ते १०० पठारासारखे सपाट राहतात. १९८१ सालच्या ‘कॉल ऑफ क्थुलू’ या भयकथांच्या खेळाचा सगळा डोलारा या शेकडेवारीच्या दानावर उभा आहे.

दुसरी युक्ती म्हणजे पुन्हा टाकणे. १ ते ५ हवे आहेत आणि हातात डी६ आहे, तर ६ पडल्यावर तो फेकून द्या आणि पुन्हा टाका. काहींना वाटते की असे परत टाकल्याने दान बिघडते. ते बिघडत नाही. उरलेल्या पाच बाजू आधीही समान होत्या, सहावी बाद केल्यावरही समानच राहतात. सरासरी १.२ वेळा टाकावे लागते, आणि तीनदा टाकूनही काम न होण्याची शक्यता २१६ मध्ये एक.

पुन्हा न टाकता हे जमेल का, असा प्रश्न चतुर वाचकाला पडेल. कितीही डी६ एकदम घ्या, आकड्यांची कितीही हुशार मांडणी करा, जमणार नाही. आणि याची सिद्धता दोन ओळींची आहे. काही ठरावीक डी६ टाकले तर समान संधीच्या दानांची संख्या ६, ३६, २१६, १२९६ अशी सहाचा घात असते. तिचे पाच समान वाटे करायचे तर तिला पाचाने भाग जायला हवा. पण सहाचे मूळ अवयव २ आणि ३ एवढेच. त्यांच्या गुणाकारातून पाच कधीच निघत नाही. म्हणूनच डी६ वरून २, ३, ४, ८, ९, १२, १६, २४ हे सगळे पुन्हा न टाकता बनवता येतात, आणि ५, १०, २०, १०० यांपैकी एकही नाही. अंकगणितातला हा साधा नियम फाशांच्या जगात अढळ कायदा होऊन बसतो. गणिताचे सौंदर्य मला अशा जागी सर्वाधिक जाणवते: लुडोच्या फाशाला काय शक्य आहे आणि काय अशक्य आहे हे तो टाकण्याआधीच ठरलेले असते.

तिसरी युक्ती खरे तर अट आहे: प्रत्येक दान आधीच्या दानापासून मुक्त असले पाहिजे. टीएसआरच्या चिठ्ठ्यांकडे परत जाऊ. वीस चिठ्ठ्यांच्या वाटीतून २० ची चिठ्ठी निघाली आणि ती बाहेरच ठेवली, तर पुढच्या एकोणीस उचलींत २० येणे अशक्य. उलट दहा चिठ्ठ्या निघून गेल्या आणि २० अजून आत असेल, तर तिची संधी ५ वरून १० टक्के होते. लक्ष ठेवणारा खेळाडू मग योग्य क्षणाची वाट बघत बसेल. चिठ्ठी परत वाटीत टाकून हलवली की स्मृती पुसली जाते आणि वाटी फाशासारखी वागते. पत्त्यांचेही तसेच. एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने उत्तम डी१० होतात, पण दरवेळी पान परत घालून पिसायचा कंटाळा करायचा नाही.

घरात काय काय आहे

या तिन्ही युक्त्या घेऊन घरातल्या वस्तूंकडे पाहू. एक लुडोचा फासा आणि एक नाणे असेल तर बराच संच तयार होतो. डी४ हवा: ५ आणि ६ पडले तर पुन्हा टाका. डी८ हवा: डी४ असा काढा आणि नाण्यावर छापा आला तर चार मिळवा. डी१० हवा: ६ पडला तर पुन्हा टाका, आणि छाप्याला पाच मिळवा. डी१२ सर्वात सोपा: दान जसेच्या तसे, छाप्याला सहा मिळवा. डी२० साठी फासा दोनदा टाका. पहिल्यांदा १ ते ५ पैकी आकडा घ्या; दुसऱ्यांदा १ ते ४ पैकी घ्या, त्यातून एक वजा करा, पाचाने गुणा आणि पहिल्या आकड्यात मिळवा. पहिला ३ आणि दुसरा ४ असेल तर तीन पंचे पंधरा आणि तीन, म्हणजे १८. पुन्हा टाकण्याचा हिशेब धरून सरासरी २.७ वेळा फासा टाकावा लागतो.

फासाही नसेल तर पुस्तक आहे. शाळेत मागच्या बाकावर बुक क्रिकेट खेळलेल्या प्रत्येकाने न कळत पाचबाजू फासा वापरलेला आहे. छापील पुस्तकात डावीकडच्या पानाचा क्रमांक सम असतो, म्हणून त्याचा शेवटचा अंक ०, २, ४, ६, ८ यांपैकीच येतो: पाच शक्यता, जवळजवळ समान संधीच्या. सहाबाजू फाशाला जे पाच पुन्हा न टाकता जमत नाही, ते पुस्तकाला आपसूक जमते. त्या अंकाचे निम्मे करून एक मिळवा, म्हणजे १ ते ५ मिळतील. आता एक रुपयाचे आणि पाच रुपयांचे अशी दोन नाणी उडवा. रुपयावर छापा आला तर ५ मिळवा, पाचाच्या नाण्यावर छापा आला तर १० मिळवा. हा झाला पूर्ण डी२०. पान १४६ उघडले: ६ चे निम्मे ३, एक मिळवून ४; दोन्ही नाण्यांवर छापा, म्हणजे १५ आणखी; दान पडले १९. नाणी वेगळी ओळखता येणे गरजेचे आहे. ‘किती छापे आले’ एवढेच मोजले तर ०, १, २ हे १:२:१ या प्रमाणात येतील आणि पठाराचा पुन्हा डोंगर होईल. पुस्तकही नेहमी एकाच जागी उघडणारे, बांधणी मोडलेले नको.

नाण्याआधी आपल्याकडे कवड्या होत्या. चल्लस-आठ खेळताना चार कवड्या किंवा फोडलेले चिंचोके टाकतात. जितके उताणे तितके दान. चारही उताणे तर चार, चारही पालथे तर आठ. उताणे आणि पालथे यांची संधी निम्मी-निम्मी मानली तर १६ पैकी चार वेळा एक, सहा वेळा दोन, चार वेळा तीन, एकदा चार आणि एकदा आठ पडते. सर्वात मोठे दान सर्वात दुर्मीळ गटात ठेवणारी ही रचना संभाव्यतेची सूत्रे लिहिली न जाताही खेळणाऱ्यांना साधली होती.

पण चिंचोका नाण्यासारखा सरळ नसतो; त्याच्या दोन बाजूंचा आकार वेगळा. समजा तो दहापैकी चार वेळाच उताणा पडतो. मग चारही पालथे पडण्याची संधी ६.२५ टक्क्यांवरून जवळजवळ १३ टक्के होते आणि चारही उताणे पडण्याची २.६ टक्क्यांवर येते. एका चिंचोक्याचा छोटा कल चार मिळून कितीतरी मोठा करतात. चल्लस-आठला त्याने काही बिघडत नाही, कारण तो खेळ त्या चिंचोक्यांसह वाढला आहे. त्याच चिंचोक्याकडून डी२० किंवा डी८ चे काम घ्यायचे असेल तर मात्र कल काढून टाकावा लागतो.

त्यासाठी जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९५१ मध्ये सुचवलेली रीत आहे. एकच चिंचोका दोनदा टाका. आधी उताणा मग पालथा पडला तर ‘छापा’ समजा. आधी पालथा मग उताणा पडला तर ‘काटा’. दोन्ही वेळा सारखाच पडला तर ती जोडी सोडून द्या आणि नव्याने टाका. उताण्याची संधी ४० टक्के असेल तर पहिल्या क्रमाची संधी ०.४ गुणिले ०.६ आणि दुसऱ्या क्रमाची ०.६ गुणिले ०.४. दोन्ही २४ टक्के. कल किती आहे हे माहीत नसले तरी चालते, कारण तो दोन्ही बाजूंना सारखाच लागतो. वाकड्या वस्तूतून सरळ दान काढणारी याहून साधी रीत माझ्या माहितीत नाही. असे तीन ‘छापा-काटा’ क्रमाने काढले की आठ समान शक्यता, म्हणजे डी८ तयार.

मुद्दाम केलेला बदल

आतापर्यंत वाटणी जपून फासा बदलला. आता वाटणीच बदलायची असेल तर? तसा अधिकार खेळणाऱ्यांना आहेच, फक्त आपण काय बदलतो आहोत हे त्यांना कळले पाहिजे.

२००४ साली आलेल्या ‘अनअर्थ्ड आर्केना’ या नियमपुस्तकात डी२० ऐवजी सरळ तीन डी६ वापरण्याचा पर्याय दिला आहे. त्याने काय होते ते एका कुलपावर पाहू. कुलूप उघडायला एकूण १६ हवेत. मुरलेल्या चोराला कौशल्याचे १० मिळतात, म्हणून त्याला फाशावर ६ किंवा जास्त पुरेत. नवख्याला काहीच मिळत नाही, त्याला १६ किंवा जास्त हवेत. डी२० वर चोर ७५ टक्के वेळा यशस्वी, नवखा २५ टक्के. तीन डी६ वर चोर ९५.४ टक्के, नवखा ४.६ टक्के. पठारावर नशिबाला वाव आहे, डोंगरावर कसबाला. चित्तथरारक, उलथापालथीची कथा हवी तर पहिली वाटणी बरी. ज्याला जे येते ते त्याला भरवशाने जमावे असे वाटत असेल तर दुसरी. १९८६ सालचा ‘गर्प्स’ हा खेळ तीन डी६ वरच बांधलेला आहे, आणि त्यातली पात्रे आपापल्या कामात भरवशाची वाटतात याचे हे कारण आहे.

याच बदलाने ‘एक जास्त’ मिळण्याची किंमतही बदलते. डी२० वर एक जास्त मिळाला की संधी पाच टक्क्यांनी वाढते, कुठेही असा. तीन डी६ वर ११ ऐवजी १० पुरेसे झाले तर संधी ५० वरून ६२.५ टक्के होते. १७ ऐवजी १६ पुरेसे झाले तर १.९ वरून ४.६ टक्के. म्हणजे मधल्या भागात एकाची किंमत मोठी, कडेला नगण्य. त्यामुळे नुसता फासा बदलून भागत नाही. ‘२० पडले तर विशेष यश’ हा नियम तीन डी६ वर जसाच्या तसा चालणारच नाही, कारण २० पडतच नाही. तिथे १६ ते १८ ही दाने विशेष यशाची धरली तर ४.६ टक्के होतात आणि मूळच्या ५ टक्क्यांच्या जवळ जातात.

पात्राच्या सहा मूळ गुणांसाठी १९७४ मध्ये तीन डी६ टाकत. पुढे, १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये, चार टाकून सर्वात लहान सोडून देण्याची पद्धत आली. सरासरी १०.५ वरून १२.२ झाली. सहा गुणांपैकी निदान एक तरी १८ असण्याची शक्यता २.८ वरून ९.३ टक्क्यांवर गेली. एक जादा फासा आणि सामान्य माणसांच्या जागी वीर जन्माला येऊ लागले.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने अनुकूल परिस्थितीसाठी दोन डी२० टाकून मोठा घ्यायचा नियम आणला. ११ किंवा जास्त हवे असतील तर यश ५० वरून ७५ टक्के होते. पाच गुण जास्त मिळाल्याइतका हा फायदा. पण नेमके २० च हवे असतील तर ५ वरून ९.७५ टक्के, जेमतेम एका गुणाइतका. जिथे पारडे समसमान असते तिथे हा नियम सर्वात जास्त मदत करतो आणि जवळजवळ अशक्य गोष्टीला थोडाच हातभार लावतो. मला तो याच कारणासाठी उत्तम नियम वाटतो. त्याच आवृत्तीत मोठी तलवार दोन डी६ ची जखम करते आणि मोठी कुऱ्हाड एका डी१२ ची. तलवारीची सरासरी ७, कुऱ्हाडीची ६.५. पण पूर्ण १२ पडण्याची संधी तलवारीला ३६ मध्ये एक आणि कुऱ्हाडीला बारात एक. ३ किंवा त्याहून कमी पडण्याची संधी तलवारीला ८.३ टक्के, कुऱ्हाडीला २५. एक शस्त्र भरवशाचे आणि दुसरे लहरी, हे शस्त्रांचे स्वभाव फाशांच्या निवडीतूनच आले आहेत.

फासा सरळ आहे का

हातातला फासाच वाकडा असेल तर हा सगळा हिशेब व्यर्थ नाही का? शंका रास्त आहे आणि तिचे मोजून काढलेले उत्तर उपलब्ध आहे. इंग्लंडमधील प्राणिशास्त्रज्ञ राफाएल वेल्डन यांनी १९ व्या शतकाच्या शेवटी बारा फासे २६,३०६ वेळा टाकून नोंदी ठेवल्या. एकूण ३,१५,६७२ दानांत ५ किंवा ६ असे १,०६,६०२ वेळा पडले, म्हणजे ३३.३३ ऐवजी ३३.७७ टक्के. कार्ल पियर्सन यांनी १९०० साली आपली काय-वर्ग चाचणी मांडताना याच नोंदी तपासल्या आणि फासे पूर्ण सरळ नसल्याचे दाखवले. ठिपके कोरून काढलेल्या फाशात सहाची बाजू किंचित हलकी होते, हे त्याचे एक सुचवले गेलेले कारण.

शंभर बाजूंचा फासा बनवण्याची हौस लू झोकी यांनी १९८५ मध्ये पुरी केली. तो गोल चेंडूसारखा दिसतो आणि त्याच्यावर शंभर चपट्या जागा आहेत. पण त्या सगळ्या जागा एकमेकींसारख्या नाहीत, त्यामुळे ग्रीक घनाकृतींच्या समानतेची हमी त्याला भूमितीकडून मिळत नाही. दोन दहाबाजू फाशांना ती मिळते. शेकडेवारीचे दान काढायला दिसायला साधी असलेली जोडी अधिक खात्रीची आहे.

आता दोन दोष शेजारी ठेवून मोजा. वेल्डन यांच्या फाशांतला कल अर्ध्या टक्क्याहूनही कमी होता आणि तो उघड व्हायला लाखो दाने लागली. डी१२ आणि डी८ यांची बेरीज करणाऱ्याने मात्र २० ची संधी एका फटक्यात ५ वरून १ टक्क्यावर आणली. कारखान्यातल्या फाशापेक्षा टेबलावरच्या चुकीच्या हिशेबाने खेळ जास्त बिघडतो.

म्हणून फासा हरवला तर खेळ थांबवू नका आणि घाईने बेरीजही करू नका. तीन गोष्टी विचारा. प्रत्येक आकड्याला मूळ फाशाइतकीच संधी मिळते का? मधले आणि कडेचे आकडे दोन्ही तपासले का? आधीच्या दानाचा पुढच्या दानावर परिणाम होत नाही ना? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर लुडोचा फासा, रुपयाचे नाणे, जुने पुस्तक, चिंचोके यांपैकी कशावरही खेळा. दान तितकेच खरे असेल. आणि नियमाची वाटणी मुद्दाम बदलायची असेल तर खेळ सुरू होण्याआधी टेबलावरच्या सगळ्यांना टक्के मांडून दाखवा. बदल सर्वांच्या संमतीने झाला पाहिजे.